दिनानाथ तोडणकरांचे दहा किलो

दिनानाथ तोडणकर कामोठ्याला आमच्याच मजल्यावर, समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मूळचे दाभोळकडचे. एकविसाव्या वर्षी जहाजावर भांडी घासायला लागले, मग कांदे चिरायला, मग हाताखालचा आचारी, आणि शेवटची बारा वर्षं चीफ कुक. तीन वर्षांपूर्वी, एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांनी समुद्र सोडला. आम्ही सकाळी बागेभोवती बरोबर फिरतो, त्यामुळे पुढचं बरंचसं मला त्यांच्याच तोंडून कळलं, आणि थोडं त्यांच्या पत्नी शुभदावहिनींकडून.

जहाजावरच्या स्वयंपाकाबद्दल ते फार बोलत नाहीत. एवढंच सांगतात, की पंचवीस माणसं, चार देशांची, आणि समुद्र कितीही खवळला तरी बाराला जेवण लागलंच पाहिजे. एका जहाजावर अधिकारी सगळे इटालियन होते. तिथल्या सेकंड इंजिनिअरने यांची पास्त्याची बशी सलग तीन दिवस तशीच परत पाठवली. चौथ्या दिवशी तोडणकर त्याच्या केबिनवर गेले आणि म्हणाले, मला दाखव कसा करतात. तो खरंच स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. पाणी किती घ्यायचं, मीठ कधी टाकायचं, दाताला किंचित लागेल इतपतच कसा शिजवायचा, उकळलेलं पाणी सगळं न फेकता त्यातलं पळीभर सॉसमध्ये का घालायचं, हे त्याने हाताला धरून शिकवलं. तेव्हापासून पास्ता ही तोडणकरांच्या मानाची गोष्ट झाली. घरी आल्यावर दर रविवारी दुपारी त्यांच्याकडे पास्ता असायचा, आणि त्यातला एक डबा माझ्या दारात यायचा. कामोठ्यात हातगाडीवर पांढऱ्या सॉसमध्ये लडबडलेला जो पास्ता मिळतो, त्याच्याकडे ते बघतसुद्धा नसत.

त्यांची बहीण अरुणा त्यांच्याहून सात वर्षांनी लहान. तिला उरणला दिली. तिथे ती ब्लाउज शिवायची. तिचे यजमान भगवान बंदराजवळच्या एका गोदामात सुपरवायझर. दोन वर्षांपूर्वी अरुणाताईंचे पाय सुजायला लागले, आणि तपासण्या होईपर्यंत दोन्ही किडन्या जवळजवळ संपल्या होत्या. मग मंगळवार, गुरुवार आणि शनिवार पनवेलला डायलिसिस. शनिवारी उपचार झाला की त्या दमून भावाकडे कामोठ्याला यायच्या आणि रविवारी संध्याकाळी उरणला परत जायच्या.

पुढे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की जवळच्या नातेवाइकाची किडनी मिळाली तर उत्तम. भगवानना मधुमेह, त्यामुळे ते पहिल्याच तपासणीत बाद झाले. मुलं लहान, आईवडील नाहीत. तोडणकरांनी कोणाला विचारलं नाही. एका सोमवारी ते एकटेच रुग्णालयात जाऊन रक्त देऊन आले आणि रात्री जेवताना घरात सांगितलं.

रक्तगट जुळला. दोन्ही किडन्या उत्तम निघाल्या. रक्तदाब, हृदय, सगळं ठीक. अडलं ते वजनापाशी. उंची पाच फूट सहा इंच, वजन चौऱ्याण्णव. डॉक्टर बाईंनी समजावून सांगितलं, की देणाऱ्याला पुढचं सगळं आयुष्य एका किडनीवर काढायचं असतं, म्हणून त्याच्या बाबतीत आम्ही घेणाऱ्यापेक्षाही काटेकोर असतो. चौऱ्याऐंशीच्या आत या, मग पुढचं बोलू. चार महिने लागतील असा अंदाज धरा.

अरुणाताईंना हे कळलं तेव्हा त्यांना सुटल्यासारखं वाटलं असावं. त्या म्हणाल्या, जाऊ दे दादा, देवाच्या मनात नाही, यादीत नाव लावलंय, कधीतरी मिळेल. तोडणकरांनी फोन ठेवला आणि सोसायटीतल्या पोरांच्या जिममधला वजनकाटा कुठल्या कंपनीचा आहे ते बघून तसलाच घरी आणला.

रुग्णालयात गीतांजली नावाच्या आहारतज्ज्ञ होत्या. वय असेल अठ्ठावीस. त्यांनी तोडणकरांना सगळं खाणं लिहून आणायला सांगितलं. भात कमी, तेल कमी, फिरणं एक तास, अंडं, मासा, डाळ सोडायची नाही. कोकणातल्या माणसाला भात कमी कर म्हणणं सोपं नाही, पण त्यांनी केला. दुपारी एक मूद, रात्री अजिबात नाही. पहिल्या पाच आठवड्यांत साडेतीन किलो उतरलं. मग काटा थांबला. दोन आठवडे इकडचा तिकडे होईना.

गीतांजली मॅडमनी वही परत तपासली. रविवारच्या रकान्यात लिहिलं होतं, 'पास्ता, थोडा.' थोडा म्हणजे किती, त्यांनी विचारलं. तोडणकरांनी त्या रविवारी पहिल्यांदा कोरडा पास्ता वजन करून बघितला. त्यांचा थोडा एकशे ऐंशी ग्रॅम होता. वर लोणी, वर चीज, आणि उरलेला सोमवारी सकाळी. मला सांगताना ते म्हणाले, "तीस वर्षं दुसऱ्यांच्या ताटातलं मोजलं, स्वतःचं कधी मोजलंच नाही."

पास्ता सोडा, एवढं सरळ होतं. पण तेवढंच त्यांना जमत नव्हतं, आणि जमत नाही हे कबूल करायला त्यांना लाज वाटली नाही. आठवडाभर सगळं पाळायचं तर एक दिवस हाताला काम हवं, आणि पानात काहीतरी हवं, असं त्यांनी सांगितलं. तेव्हा त्यांची मुलगी जाई, जी ऐरोलीला एका कंपनीत आहे, तिने मोबाइलवरून दोन पाकिटं मागवली. पारदर्शक पिशवीत पाणी, आणि पाण्यात पांढऱ्या, अर्धवट आरपार दिसणाऱ्या शेवया. कोंजॅक नावाच्या कंदाच्या पिठाच्या. अख्ख्या पाकिटात वीस कॅलरी, असं वर छापलं होतं. चष्मा लावून तोडणकरांनी ते तीनदा वाचलं. त्यांच्या एकशे ऐंशी ग्रॅम पास्त्यात, लोणी धरलं नाही तरी, सहाशेच्या वर होत्या.

पहिला प्रयोग फसला. पिशवी कापली आणि ओट्यावर शिळ्या मासळीचा वास पसरला. त्यांनी ते पाणी ओतून टाकलं, शेवया नेहमीच्या सॉसमध्ये घातल्या आणि मांडल्या. सॉस बशीच्या तळाशी उतरला, शेवया वर कोरड्या राहिल्या. चावल्या तर रबरासारख्या. जाईने एक घास घेतला आणि पाणी प्यायला उठली. तोडणकरांनी चार घास खाल्ले आणि बशी बाजूला केली. जहाजावर कोणी बशी परत केली तर त्यांना झोप लागत नसे. इथे करणारेही तेच आणि परत करणारेही तेच.

पण दुसऱ्या दिवशी फिरताना ते शांतपणे त्याचाच विचार करत होते. दोष पदार्थाचा नाही, म्हणाले, दोष माझा आहे, मी त्याला पास्ता समजून चाललो. पास्त्यात पीठ असतं, पिठाला सॉस धरतो. यात पीठ नाहीच, आहे ते पाणी. मग आधी पाणी काढलं पाहिजे. पुढच्या रविवारी त्यांनी शेवया नळाखाली दोन मिनिटं धुतल्या, उकळत्या पाण्यात टाकून काढल्या आणि तेल न घालता लोखंडी कढईत कोरड्या परतायला घेतल्या. आठ-नऊ मिनिटांनी त्या कढईला घासून किरकिरायला लागल्या, तेव्हा उतरवल्या. पोत सुधारला. वास मात्र अजून होता.

तो वास शुभदावहिनींनी घालवला. त्या पाकिटावरचं चित्र बघत होत्या आणि जाईला विचारत होत्या, हा कंद कसला. जाईने शोधून सांगितलं, की आपल्या सुरणाच्याच जातीतला आहे.

"म्हणजे सुरणच की," वहिनी म्हणाल्या. "मग आमसूल नको का घालायला?"

सुरण शिजवताना खाजू नये म्हणून आमसूल घालतात हे कोकणातल्या कुठल्याही घरात माहीत असतं. तोडणकरांना ते सुचलं नव्हतं, कारण ते इटलीच्या बाजूने विचार करत होते. त्यांनी उकळत्या पाण्यात चार आमसुलं टाकली. पाणी लालसर झालं, शेवयांना किंचित गुलाबी झाक आली, आणि वास जवळजवळ गेला. सॉसही त्यांनी बदलला. टोमॅटो, लसूण आणि मूठभर करंदी म्हणजे बारीक कोलंबी, इतकं आटवायचं की चमच्याने ओढलं तर कढईचा तळ दिसावा. असा घट्ट सॉस शेवयांवर बसला.

मी ते खाल्लं आहे. बरं लागतं. पास्त्यासारखं लागत नाही. तोडणकरांनी स्वतःला कधी फसवलं नाही, की दुसऱ्याला सांगितलं नाही की हे तसंच लागतं. त्यांना ते शेवटपर्यंत आवडलं नाही. गीतांजली मॅडमनीही बजावलं होतं, की यात जीव धरायला काही नाही, नुसता तंतू आणि पाणी, तेव्हा आठवड्यातून दोनदाच, सावकाश चावून, आणि बरोबर मासा किंवा अंडं पाहिजेच. ते तसंच करत. बुधवारी आणि रविवारी. काटा पुन्हा हलायला लागला.

रविवारी अरुणाताई असायच्या. त्यांचं पथ्य वेगळं, आणि ते भावाच्या पथ्यापेक्षा कडक. मीठ नावाला, टोमॅटो नाही, पाणी दिवसाला मोजून. तोडणकर त्यांच्यासाठी खरा पास्ता वेगळा शिजवत, बिनमिठाच्या भरपूर पाण्यात, वर फक्त लसूण आणि थोडं तेल. लहान बशीभर. आणि शेजारी बसून स्वतः त्या शेवया खात.

अशाच एका रविवारी अरुणाताईंनी हातातला काटा-चमचा खाली ठेवला. त्या दिवशी मीही तिथे होतो.

"दादा, माझ्या पानात खरा आणि तुझ्या पानात हे. मला गिळवत नाही."

"तू चार तास मशीनला बसतेस, आठवड्यातून तीनदा," तोडणकर म्हणाले. "मला वीस मिनिटं हे खायला काय होतंय?"

"आणि मला नकोच असेल तर? तुला काही झालं तर मी वहिनींना तोंड कसं दाखवू?"

तोडणकरांनी तिचा काटा-चमचा उचलून परत तिच्या हातात दिला. मग म्हणाले, "नको असेल तर तसं डॉक्टरांना सांग. तुझा हक्क आहे. पण वजन नाही उतरलं म्हणून राहिलं, असं मी होऊ देणार नाही. ती जबाबदारी माझी."

अरुणाताईंनी पास्ता संपवला. पुढच्या शनिवारी त्यांनी डॉक्टरांना किडनी नको असं काही सांगितलं नाही.

चौथा महिना संपताना काटा त्र्याऐंशी पूर्णांक सहावर आला. डॉक्टर बाईंनी परत सगळ्या तपासण्या करून होकार दिला. आता कागदपत्रं, समितीपुढची मुलाखत, आणि पत्नीची संमती. वहिनी तोवर या विषयावर घरात फार बोलल्या नव्हत्या. त्यांनी स्वयंपाकात मदत केली होती, पण सहीचा कागद आला तेव्हा तो दोन दिवस फ्रिजवर तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी तोडणकरांना समोर बसवलं.

"तीस वर्षं तुम्ही समुद्रावर होता आणि मी घरी. आता कुठे दोन-अडीच वर्षं एका घरात राहतोय. मला भीती वाटते, ती मी लपवणार नाही," त्या म्हणाल्या. "पण अरुणा माझीही आहे. सही करते. फक्त डॉक्टरांनी जो आकडा सांगितलाय त्याच्या आतच राहायचं. एक किलो जास्त असताना तुम्ही ऑपरेशनच्या टेबलावर चढलात, तर ती सही मी केली नव्हती असं समजा."

तारीख ठरली. दोघांचीही तयारी झाली. आठ दिवस उरले असताना अरुणाताईंना ताप आला, छातीत कफ झाला, आणि तो न्यूमोनिया निघाला. त्यांना दाखल केलं. शस्त्रक्रिया पुढे ढकलली. निदान दोन महिने, कदाचित तीन.

तोवर तोडणकरांना मी खचलेलं बघितलं नव्हतं. चार महिने ते एका आकड्याकडे चालत होते, आणि तिथे पोचल्यावर रस्ता पुढे लांबला. त्या बुधवारी ते रुग्णालयातून आले, कपाटातून अर्ध्या किलोचं पास्त्याचं पाकीट काढलं, निम्मं शिजवलं, लोणी घातलं, चीज किसलं आणि एकटे टेबलाशी बसून संपवलं. दुसऱ्या दिवशी उरलेलं निम्मं. शुक्रवारी भात, पोटभर. फिरायलाही आले नाहीत. मी बेल वाजवली तर म्हणाले, आज पाय दुखतोय. पुढच्या मंगळवारी काट्यावर पंच्याऐंशी पूर्णांक दोन आलं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी दुपारी ते स्वयंपाकघरात गेले तर शुभदावहिनी सिंकपाशी उभ्या होत्या. पिशवी कापलेली, शेवया चाळणीत, नळ सुरू. गॅसवर पाण्यात आमसुलं. वहिनींना तो प्रकार कधीच आवडला नव्हता, त्या दिवसापर्यंत त्यांनी शेवयांना हात लावला नव्हता. त्या मागे वळल्या नाहीत. एवढंच विचारलं, "किती वेळ परतायच्या? कढई किरकिरेपर्यंत ना?"

तोडणकरांनी हो म्हटलं. मग त्यांच्या हातातून चाळणी घेतली.

मला हे सांगताना त्यांनी चेहरा बागेच्या कुंपणाकडे फिरवला होता. म्हणाले, वजन उतरवणं मला वाटलं तेवढं अवघड नव्हतं. ते उतरलेलं ठेवणं, कधीपर्यंत ते माहीत नसताना, हे खरं काम. उतरवताना रोज काहीतरी कमी झालेलं दिसतं. ठेवताना काहीच दिसत नाही. जहाजावर बंदर मिळेपर्यंत बाहेर नांगर टाकून थांबायला लागतं, कधी चार दिवस, कधी वीस. तेव्हाही रोज बाराला जेवण लावायचंच.

ते थांबणं अकरा आठवड्यांचं झालं. त्यात गणपती आले. वहिनींनी मोदक केले, तोडणकरांनी एक खाल्ला आणि वहीत लिहिला. त्यांचा जहाजावरचा जुना मित्र शिवतेज जेवायला आला, त्याच्यासाठी त्यांनी सगळा खरा इटालियन बेत केला आणि स्वतः वेगळ्या बशीत ते दुसरं घेऊन बसले. शिवतेजने थट्टा केली. तोडणकरांनी त्याला कारण सांगितलं नाही, वहिनींनी सांगितलं. दर सोमवारी काट्याचा फोटो काढून ते गीतांजली मॅडमना पाठवत. त्र्याऐंशी आठ. त्र्याऐंशी तीन. त्र्याऐंशी सहा. एकदा चौऱ्याऐंशी पूर्ण, तेव्हा आठवडाभर सकाळबरोबर संध्याकाळीही फिरायला निघाले, आणि मला ओढून नेलं.

दिवाळीनंतर अकराव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. सकाळी आत नेताना काट्यावर ब्याऐंशी पूर्णांक नऊ होतं. ते वहिनींनी स्वतः वाकून बघितलं. जाई, भगवान आणि मी बाहेर बसलो होतो. भगवान मधूनमधून उठून पाण्याच्या मशीनपाशी जाऊन न पिताच परत येत होते. दुपारी दोनच्या सुमारास डॉक्टर बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, की जोडल्याबरोबर किडनीचं काम सुरू झालंय. भगवान खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

तोडणकर पाचव्या दिवशी घरी आले. दुखत होतं, खोकलता येत नव्हतं, पोटावर उशी धरून चालायचे. अरुणाताई महिनाभर रुग्णालयाच्या जवळच राहिल्या. एकदा औषधांनी त्रास झाला, मात्रा बदलावी लागली, तेव्हा सगळ्यांचा जीव पुन्हा टांगणीला लागला. पण ते निभावलं. आता त्या उरणला आहेत, दर महिन्याला रक्त तपासायला येतात, शिवणकाम अजून दिवसाला एक तासच.

तोडणकरांचं वजन ब्याऐंशीवर आहे. महिन्यातून एकदा ते साधा पास्ता करतात, ऐंशी ग्रॅम, वजन करून. बाकी बुधवारी त्याच शेवया. गरज संपली तरी का खाता असं मी विचारलं, तर म्हणाले, गरज कुठे संपली, आता एकच किडनी आहे, ती सांभाळायला नको?

मागच्या महिन्यात गीतांजली मॅडमचा फोन आला. तळोज्याचा केतन नावाचा मुलगा, वय एकतीस, आईला किडनी द्यायचीय, नऊ किलो उतरवायचे आहेत आणि दोन महिन्यांत दोनच उतरलेत. तुम्ही बोलाल का त्याच्याशी, असं त्यांनी विचारलं. तोडणकरांनी त्याला घरीच बोलावलं. तो रविवारी आला, बरोबर बायको निशिगंधा. दोघं सोफ्याच्या कडेवर बसून होती. केतनने ऐकलं होतं, की काका एक प्रकारचे नूडल्स खाऊन बारीक झाले.

"नूडल्स खाऊन कोणी बारीक होत नाही," तोडणकर म्हणाले. "आणि चव चांगली नाही, आधीच सांगतो. चालेल?"

केतनने बायकोकडे बघितलं आणि चालेल म्हणाला. तोडणकरांनी निशिगंधाला नाही, त्यालाच आत बोलावलं, ओट्यावरचं पाकीट त्याच्या हातात दिलं आणि कात्री कुठे आहे ते दाखवलं.